वजनाची रोजकीर्द : स्थूल प्रौढांनी मोबाइलमधील ॲपचा उपयोग कसा करावा

वजन उतरवून देण्याचे आश्वासन देणारी जाहिरात मोबाइलच्या पडद्यावर झळकली नाही असा दिवस आता विरळाच. आणि ती पाहून, कधी डॉक्टरांच्या आग्रहाने, कधी मुलासुनांच्या भिडेखातर, तर कधी नव्या वर्षाच्या निश्चयाच्या भरात असे एखादे ॲप मोबाइलमध्ये घेणारे आणि महिना लोटण्याच्या आत त्याकडे पाठ फिरवणारे स्त्री-पुरुष आपल्यापैकी प्रत्येकाच्या परिचयात असतात. अशा वेळी दोष त्या माणसाच्या मनोनिग्रहाला देण्याची आपल्याकडे रीत आहे. माझ्या मते दोष बव्हंशी अपेक्षेचा असतो. ॲपकडून वैद्याची किंवा गुरूची अपेक्षा ठेवणाऱ्याच्या पदरी निराशा येते. परंतु पेढीवर रोजकीर्दीला जे स्थान असते ते त्याला दिले, म्हणजे दिवसभराच्या उलाढालीची बिनचूक नोंद तिथे केली आणि आठवड्याच्या अखेरीस ती शांतपणे वाचून पुढचा व्यवहार ठरवला, तर इतक्या अल्प खर्चात इतके उपयोगी दुसरे साधन मिळणे कठीण आहे.

हे विधान निव्वळ अनुमानाचे नाही. लॉस एंजेलिस येथील विद्यापीठाच्या दवाखान्यांतील २१२ रुग्णांवर एक प्रयोग करण्यात आला व त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना मायफिटनेसपाल हे लोकप्रिय ॲप वापरण्यास सांगितले होते, उरलेल्यांना नेहमीचेच उपचार मिळत होते. सहा महिन्यांनी काट्यावर पाहता दोन्ही गटांत दखल घेण्याजोगे अंतर आढळले नाही, कारण पहिला महिना सरता सरता बहुतेकांनी ते ॲप उघडणेच सोडून दिले होते. पिट्सबर्ग येथील २०१६ सालचा प्रयोग तर अधिकच अंतर्मुख करणारा आहे. तेथे ४७१ तरुण प्रौढांना आहार, व्यायाम व समुपदेशन यांचा सारखाच लाभ देऊन त्यांपैकी निम्म्यांच्या दंडावर हालचाल मोजणारे यंत्र बांधले, आणि दोन वर्षांच्या अखेरीस यंत्रधारकांचे वजन सरासरी साडेतीन किलोने, तर यंत्राविना राहिलेल्यांचे जवळजवळ सहा किलोने उतरल्याचे दिसून आले! यंत्र बांधले म्हणून वजन वाढले, असा याचा अर्थ कोणी लावू नये. पण यंत्र बांधल्याने वजन उतरतेच ही श्रद्धा मात्र त्याने निकालात काढली.

याच्या उलट बाजूचाही पुरावा तितकाच भक्कम आहे. अमेरिकेतच २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १,७०० प्रौढांच्या एका अभ्यासात, ज्यांनी रोज आपल्या आहाराची नोंद ठेवली त्यांचे वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या मानाने दुपटीने उतरले. आणि ही नोंद साध्या कागदी वहीत केलेली होती. व्हरमाँट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिले की संगणकावर अशी नोंद करण्यास पहिल्या महिन्यात रोज तेवीस मिनिटे लागत असली तरी सहाव्या महिन्यात ती पंधरा मिनिटांच्या आत उरकते, आणि वजन उतरण्याचा संबंध नोंदीवर खर्च केलेल्या वेळेशी नसून दिवसातून ती किती वेळा केली याच्याशी असतो. आपल्या देशातील दाखला हवा असेल तर चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेले काम पाहावे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांपैकी काहींना आहार व व्यायाम यांविषयी केवळ मोबाइलवर लघुसंदेश पाठवण्यात आले. दोन वर्षांत संदेश मिळणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह जडला, तर न मिळणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना. तेथे ना रंगीत आलेख होते, ना पदके. योग्य वेळी, योग्य माणसाला, त्याला झेपेल अशी सूचना एवढेच होते.

आता प्रत्यक्ष मार्गदर्शनाकडे वळू.

ॲप घेण्यापूर्वी आपण नेमके कोठे उभे आहोत हे जाणून घ्यावे. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो त्याला आपण बीएमआय म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने तो ३० झाला म्हणजे स्थूलता मानली जाते. परंतु भारतीयांच्या शरीरात, विशेषतः पोटाच्या भागात, त्याच बीएमआयला चरबीचे प्रमाण अधिक आढळत असल्यामुळे आपल्याकडील तज्ज्ञांनी २००९ साली ही सीमा २५ वर आणून ठेवली. म्हणजे एकशे साठ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीला चौसष्ट किलोपासूनच सावध झाले पाहिजे. त्याबरोबर कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. परदेशात तयार झालेल्या ॲपमध्ये पहिली, अर्थात ३० ची, सीमा गृहीत धरलेली असण्याचा पुष्कळ संभव असतो आणि सत्तावीसच्या अंकाला ते निर्धास्तपणे 'किंचित अधिक' म्हणून सोडून देते. तेव्हा त्या शेऱ्यावर विसंबू नये, आणि घेराची फीत घरात असू द्यावी.

काही जणांनी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून ॲपने सुचवलेला आहार सुरूच करू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनी औषधाची मात्रा तशीच ठेवून जेवण एकाएकी कमी केले तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मूत्रपिंडाचे रुग्ण, आणि ज्यांना पूर्वी कधी अन्नाविषयी विकृत भीती किंवा अनावर खाण्याचा विकार जडला होता अशी माणसे यांचाही समावेश याच वर्गात करावा; शेवटच्यांच्या बाबतीत तर उष्मांकांची रोजची मोजणी हीच अपायकारक ठरण्याचा संभव असतो. शिवाय, काही ॲप्स घाईच्या उद्दिष्टाला मान डोलावून दिवसाला हजार उष्मांकांचेही फर्मान काढतात. स्त्रियांनी बाराशेच्या आणि पुरुषांनी पंधराशेच्या खाली स्वतःच्या अधिकारात जाऊ नये. आठशेच्या खालचा आहार हा तर वैद्यकीय देखरेखीशिवाय करण्याचा प्रकारच नव्हे.

उद्दिष्ट विचारणारा रकाना भरताना विवाहाच्या वेळचे वजन तेथे लिहिण्याचा मोह आवरावा. सहा महिन्यांत सध्याच्या वजनाच्या पाच टक्के, फार तर दहा टक्के, एवढेच लिहावे. नव्वद किलोच्या माणसाला हे साडेचार ते नऊ किलो होतात. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण रक्तदाब, रक्तशर्करा, रक्तातील मेद आणि गुडघे यांना त्याने जो आराम पडतो तो किरकोळ नसतो, आणि मधुमेह लांबणीवर टाकण्याच्या २००२ सालच्या सुप्रसिद्ध अमेरिकी प्रयोगातही उद्दिष्ट सात टक्क्यांचेच होते.

ॲपची निवड करताना त्याच्या रंगरूपापेक्षा खाद्यपदार्थांच्या यादीची आधी परीक्षा घ्यावी. ज्वारीची भाकरी, पिठले, मेथीची गोळा भाजी, आमटी, थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी, भिजवलेली मटकी, बांगड्याची आमटी अशी आठ-दहा नावे शोधून पाहावीत. जे ॲप भाकरीच्या जागी मेक्सिकोतील मक्याची चपाती सुचवते ते आपल्या घरात फार दिवस टिकणार नाही. हेल्दीफायमीसारखी भारतात निर्माण झालेली ॲप्स या बाबतीत स्वाभाविकच पुढे आहेत. दुसरी कसोटी अशी की आपल्या घरच्या पदार्थाची कृती, घटकांच्या वजनासह, एकदा भरून कायमची साठवून ठेवता यावी. तिसरी, पैसे न भरता नोंद करता यावी. आणि चौथी, केलेल्या नोंदी केव्हाही उतरवून घेऊन डॉक्टरांना दाखवता याव्यात. या चार बाबी जमल्या तर उरलेला साजशृंगार नसला तरी चालेल. ज्यांना अक्षरे बारीक दिसतात किंवा इंग्रजी पडदा परका वाटतो, अशा ज्येष्ठांनी जेवणाचे छायाचित्र काढून ठेवण्याचा सोपा मार्ग पत्करावा व रविवारी नातवाला शेजारी बसवून त्याच्याकडून भरणा करून घ्यावा. त्यात काही कमीपणा नाही, आणि नातवालाही आजीच्या ताटाचा अभ्यास घडतो.

आता खरी अडचण: स्वयंपाकघर. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी १९९२ साली, आपण अगदी मोजके खातो तरी वजन उतरत नाही अशी तक्रार करणाऱ्या दहा स्थूल व्यक्तींची कसून तपासणी केली, तेव्हा त्यांनी सांगितलेला आहार प्रत्यक्षातील आहाराच्या जवळजवळ निम्माच भरला, आणि व्यायाम मात्र त्यांनी दीडपट सांगितला होता. ती माणसे खोटे बोलत होती असे नव्हे. विस्मृती आणि अंदाज या दोघांनी मिळून केलेली ती चूक होती. आपल्या मराठी जेवणात तर अंदाजाला मुबलक वाव आहे, कारण 'एक वाटी भाजी' या शब्दांत भाजी किती आणि तेल किती हे काहीच सांगितलेले नसते. ॲपमधील भाजीत एक चमचा तेल धरलेले असते. आपल्या फोडणीत दोन पळ्या असू शकतात. एका ग्रॅम तेलात नऊ उष्मांक असतात, एका ग्रॅम पिठात किंवा साखरेत चारांच्या आत, म्हणून नोंदीतली सर्वांत मोठी तफावत नेहमी तेलापाशी सापडते.

ती काढण्याचा उपाय पळीपाशी उभे राहून मोजण्यात नाही, तो किराणा मालाच्या यादीत आहे. महिन्याला किती तेल येते ते पाहावे. चार माणसांच्या घरात महिना चार लिटर तेल संपत असेल, तर त्याचे वजन साधारण तीन किलो सहाशे ग्रॅम भरते, आणि माणशी रोजचा हिस्सा तीस ग्रॅम, म्हणजे पावणेतीनशेच्या आसपास उष्मांक पडतो. यात तूप, लोणी, शेंगदाण्याचे कूट आणि बाहेरचा वडापाव धरलेला नाही. हा तीस ग्रॅमचा आकडा रोजच्या नोंदीत 'घरचे तेल' म्हणून एकरकमी लिहून टाकावा आणि भाज्या तेलाविना लिहाव्यात. हिशेब अधिक खरा उतरतो, आणि पुढच्या महिन्यात चाराऐवजी तीन लिटर तेल आणले की साऱ्या कुटुंबाच्या नोंदीत एकदम सुधारणा होते. पथ्य एकट्याचे राहत नाही, ही त्यातली आणखी मोलाची गोष्ट.

पोळीच्या बाबतीत एकदाच कष्ट घ्यावेत. स्वयंपाकघरात वापरण्याचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणून दहा पोळ्यांच्या कणकेत पीठ किती गेले ते तोलावे. तीनशे ग्रॅम गेले असेल तर एका पोळीला तीस ग्रॅम पीठ, म्हणजे सुमारे शंभर उष्मांक. वरून चमचाभर तूप लावले की आणखी पंचेचाळीस. घराघरांतील पोळी वेगळी असते, फुलका वेगळा, घडीची पोळी त्याहून वेगळी. म्हणून दुसऱ्याने छापलेला आकडा घेण्यापेक्षा स्वतःच्या घरचा आकडा एकदा ठरवून घेणे श्रेयस्कर. भाताची गोष्ट थोडी फसवी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या, ५२८ खाद्यवस्तूंचे पृथक्करण असलेल्या तक्त्यांत आकडे बहुतांशी कच्च्या वस्तूंचे आहेत, आणि अनेक याद्यांत कच्चे व शिजलेले शेजारी शेजारी उभे असतात. तांदूळ शिजला की पाणी पिऊन वजनाने तिप्पट होतो. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात साडेतीनशेच्या आसपास, तर शंभर ग्रॅम भातात साधारण सव्वाशे उष्मांक. चुकीच्या ओळीवर बोट पडले की तिपटीची चूक झालीच म्हणून समजावे.

उपवासाचा उल्लेख केल्यावाचून हे प्रकरण पुरे होणार नाही. एकादशीला आणि चतुर्थीला नोंदीचे पान कोरे ठेवण्याची, जणू त्या दिवशी काही खाल्लेच नाही अशी, एक गोड समजूत आपल्यात आहे. वस्तुतः साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, शंभर ग्रॅमला साडेतीनशे उष्मांक, त्यात पाचशेहून अधिक उष्मांकांचे शेंगदाणे, वर तूप, सोबत बटाट्याचा कीस, आणि प्रथिने म्हणाल तर शेंगदाण्यापुरती. धर्माची बाब ज्याची त्याने पाहावी. नोंद मात्र त्या दिवशी अवश्य करावी. चहाचेही असेच. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे पस्तीस-चाळीस ग्रॅम साखर, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवलेली दिवसाची उत्तम मर्यादा पंचवीस ग्रॅमच्या घरात आहे. पण दिवसाचा चौथा चहा ॲपमध्ये लिहिलेला मी फारसा कोणाकडे पाहिलेला नाही.

नोंद जेवणाच्या आधी करावी की नंतर? आधी. ताट वाढून घेतले की दोन ओळी लिहाव्यात, मग जेवावे. कारण जेवणानंतरची नोंद हा केवळ इतिहास असतो, आधीच्या नोंदीत बदलाला जागा असते. रात्री अंथरुणावर पडून साऱ्या दिवसाचा भरणा करणाऱ्यांच्या नोंदीत फरसाण, लेकराच्या ताटातील उरलेला घास आणि कचेरीत कोणाच्या तरी बढतीचा पेढा या बाबी हटकून गळतात. लग्नकार्याच्या, गणपतीच्या किंवा दिवाळीच्या दिवशी उकडीचे मोदक आणि चकल्या यांचे उष्मांक शोधत बसण्याचे कारण नाही; 'मोठे जेवण' एवढे दोन शब्द लिहून पुढच्या दिवसाला लागावे. अपुरी नोंद चालते. तुटलेली नोंद पुन्हा जोडणे मात्र अवघड जाते.

पावलांविषयी थोडक्यात. दहा हजार पावलांचा जो दंडक आज प्रत्येक मनगटावर दिसतो त्याचा उगम वैद्यकशास्त्रात नाही. १९६५ साली जपानात विक्रीस आलेल्या पाऊलमोजणी यंत्राच्या नावावरून तो रूढ झाला. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सरासरी बहात्तर वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांच्या निरीक्षणावरून २०१९ साली असे दाखवले की दिवसाला सत्तावीसशे पावले चालणाऱ्यांपेक्षा चव्वेचाळीसशे चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण पुष्कळच कमी होते, आणि साडेसात हजारांपुढे अधिक लाभ दिसेनासा झाला. तेव्हा पहिल्या आठवड्यात काहीही न बदलता नुसती मोजणी करावी, जी सरासरी येईल तीत हजार-दीड हजारांची भर घालावी, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तेवढीच. मोबाइल स्वयंपाकघराच्या फळीवर आणि आपण घरभर, असा प्रकार असेल तर ती पावले गणतीत येत नाहीत हेही ध्यानात असू द्यावे. कित्येक गृहिणींच्या बाबतीत ॲपने काढलेला आळसाचा निष्कर्ष केवळ खिशाच्या अभावी काढलेला असतो.

एक खबरदारी मात्र आवर्जून सांगतो. चालण्याने अमुक उष्मांक 'जळाले' असे ॲप दाखवते आणि तितके खाण्याची जणू सनदच हाती ठेवते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली मनगटावरील सात यंत्रे तपासली, तेव्हा नाडीचे ठोके बहुतेकांनी बरोबर मोजले, परंतु उष्मांकांच्या मापनात सर्वांत अचूक यंत्राची चूक सरासरी २७ टक्के, तर सर्वांत सदोष यंत्राची ९३ टक्के निघाली. व्यायामाचे उष्मांक आहाराच्या खात्यात परत जमा करण्याची सोय बहुतेक ॲप्समध्ये बंद करता येते. ती पहिल्याच दिवशी बंद करावी.

वजनाचा आलेख वाचणे ही एक कला आहे आणि ती न साधल्यामुळे अनेक चांगले प्रयत्न धुळीस मिळतात. आदल्या रात्री लोणचे-पापडाचे जेवण झाले असेल, मासिक पाळी जवळ आली असेल, पोट साफ झाले नसेल, तर सकाळी काटा किलोभर वर जातो. ती चरबी नसते, ते पाणी असते. म्हणून सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर वजन करावे, आणि तुलना आजची कालशी न करता या आठवड्याच्या सरासरीची गेल्या आठवड्याच्या सरासरीशी करावी. बरीच ॲप्स ही सरासरी रेषा स्वतःच काढून देतात. पुढे, दोन-तीन महिन्यांनी, आलेख सपाट होतो. एक किलो चरबी म्हणजे ७,७०० उष्मांक, तेव्हा रोज पाचशे कमी खाल्ले की महिन्याला दोन किलो, असे सरळ त्रैराशिक अनेक ॲप्स मांडतात. परंतु वजन उतरले की शरीराची गरजही उतरते, आणि त्यामुळे पहिल्या महिन्यात जेवढ्या आहाराने वजन घटले तेवढ्याच आहाराने ते पुढे हळूहळू कमी घटते आणि अखेर स्थिर राहते, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असताना केविन हॉल यांनी गणिताने मांडून दाखवले आहे. आलेख सपाट झाला तर ॲपमध्ये नवे, घटलेले वजन भरून आहाराचे लक्ष्य पुन्हा काढावे, तेलाच्या नोंदीची एकदा उलटतपासणी करावी, आणि तरीही महिनाभर काटा हलला नाही तर थायरॉइड, चालू असलेली औषधे व झोपेतील घोरणे यांविषयी डॉक्टरांशी बोलावे.

सूचनांची घंटा हा आणखी एक विषय. दिवसातून सात वेळा वाजणारी घंटा तिसऱ्या दिवशी कानाला ऐकू येईनाशी होते. मी दोनच ठेवण्याचा सल्ला देतो: एक दुपारच्या जेवणाच्या दहा मिनिटे आधी आणि एक ज्या वेळी हात फरसाणाच्या डब्याकडे वळतो त्या वेळी, बहुतेकांच्या बाबतीत ती सायंकाळी पाच ते सातच्या दरम्यान असते. सलग दिवसांची गणती करून इनामाचे तारे देणारी योजना काहींना उत्साह देते, पण एखादा दिवस चुकून गणती शून्यावर आली की तेच लोक सारा डाव मोडून उठतात. आपला स्वभाव तसा असेल तर ती योजना बंद ठेवावी. त्यापेक्षा नोंद वाचणारा एक माणूस शोधावा. आहारतज्ज्ञ असेल तर उत्तमच. पैसे भरून ॲपमधून सल्लागार घेत असाल तर त्याची पदवी कोणत्या विद्यापीठाची, आठवड्यातून किती वेळा तो स्वतः उत्तर देतो आणि केव्हा यंत्रच उत्तर देते, याची खातरजमा करून मगच वर्षाची वर्गणी भरावी, आणि शक्यतो आधी महिन्याचीच भरावी. आहारतज्ज्ञ परवडत नसेल तर बहीण, मित्र, सकाळी मैदानावर भेटणारा सोबती यांपैकी कोणीही चालेल. मात्र टोमणे मारणारा नातेवाईक नको.

आपल्या देहाची ही कागदपत्रे दुसऱ्याच्या दप्तरात ठेवत असताना थोडी सावधगिरी बाळगणे प्राप्त आहे. २०१८ साली मायफिटनेसपालच्या सुमारे पंधरा कोटी खात्यांची नावे, ईमेल पत्ते आणि सांकेतिक रूपातील पासवर्ड परक्या हाती गेल्याचे जाहीर झाले होते. म्हणून बँकेचा पासवर्ड येथे वापरू नये. आहाराची नोंद करणारे ॲप संपर्कांची यादी किंवा मायक्रोफोन मागू लागले तर ती परवानगी नाकारावी. स्थानाची परवानगी फक्त चालण्यापुरती द्यावी. भारतात २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला असून संमती मागे घेणे व माहिती पुसून मागणे हे हक्क त्यात मान्य केलेले आहेत. ॲप काढून टाकण्यापूर्वी त्यातील खाते बंद करण्याची विनंती करावी, नुसते चिन्ह पडद्यावरून हटवल्याने दप्तर रिकामे होत नाही.

वजन उतरवणारी साप्ताहिक इंजेक्शने आता भारतातही मिळू लागली आहेत आणि तीव्र स्थूलतेत शस्त्रक्रियेचाही मार्ग उपलब्ध आहे. यांचा निर्णय डॉक्टरांच्या तपासणीनंतर व्हावा, ॲपवरील प्रश्नावलीवर नव्हे. मात्र ते उपचार चालू असताना भूक मंदावल्यामुळे प्रथिने पुरेशी जातात की नाही हे पाहण्यासाठी नोंदीचा उपयोग उलट वाढतो. वरण, उसळी, दही, अंडी, मासे यांच्या ओळी तेव्हा अधिक काळजीने लिहाव्यात.

उद्दिष्ट गाठल्यानंतर काय करावे हे कोणतेही ॲप सहसा स्पष्ट सांगत नाही, कारण गिऱ्हाइकाचे काम संपले हे मान्य करणे त्याच्या हिताचे नसते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगातील पद्धत मला सर्वांत व्यवहार्य वाटते. वजन उतरवलेल्या ३१४ जणांपैकी काहींना रोज काट्यावर उभे राहून, ठरलेल्या वजनापेक्षा पाच पौंड, म्हणजे सव्वादोन किलोंची वाढ होताच पुन्हा कडक नोंद सुरू करण्यास शिकवले होते. दीड वर्षात त्यांच्यातील ज्यांना समोरासमोर मार्गदर्शन मिळाले अशांपैकी पुन्हा वजन वाढणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४६, तर ज्यांना केवळ माहितीपत्रके मिळाली त्यांच्यात ७२ होते. तेव्हा सहा महिन्यांनंतर आहाराची रोजची नोंद थांबवावी, वजनाची मात्र चालू ठेवावी, आणि सव्वादोन किलोंची ती रेघ ॲपमध्येच इशारा म्हणून आखून ठेवावी. रेघ ओलांडली की दोन आठवडे पूर्वीप्रमाणे ताट वाढल्यावर, घास घेण्यापूर्वी, लिहावे, आणि काटा रेघेखाली आला की पुन्हा वही मिटावी.